केसर, पाणी पेते का

नागभीड
१८ नोव्हेंबर २०२४

दिव्यानीले आजीचा जयभीम.

फोनवर मले नीट आयकू येत नाई, आन् तू "हां आजी, हां आजी" म्हणून ठेवून देते. पत्र आलं का बसून वाचावं लागते, म्हणून लिहून राह्यली. मी चौथी शिकली. अक्षर वाकडं दिसन. राग सरळ आहे.

काल शकुबाईची सून रिना मोबाईल घेऊन आली. म्हणे, आजी, तुम्ही पुण्यात फेमस झाल्या. मी पायलं तं मोठा हॉल, गच्च भरलेला, सारे पोट्टे-पोट्टी, आन् समोर पडद्यावर मी. देवाजीभाऊनं वीस वर्षांपयले काढलेला पिच्चर, "ओटीत पडला निखारा". मी त्यात हिरोची माय. मातीत पडून मरून राह्यली. मरता मरता मी म्हणते, "केसर, पाणी पेते का." आन् तो पुरा हॉल पाण्याच्या बाटल्या वरतं करून तेच ओरडते. मंग हसते. पोट धरून हसते. एका पोट्ट्याच्या बनियनवर माहं तोंड छापलं, आ वासलेलं, आन् त्याच्या खाली तेच पाण्याचं वाक्य.

हे बी मी सोडून देल्लं असतं. पुण्याच्या लोकाईले काम नसन, हसू दे. पण पयल्या रांगेत सर्वात जोरानं ओरडणारी पोट्टी तू होय. लाल ओढणी मीच घेऊन देल्ली होती, म्हणून पटकन ओळखली.

पिच्चर खराब आहे हे मले पुण्याहून सांगाची गरज नाई. मी होती त्यात. सडका आहे. हिरोची मिशी मारामारीत निंघते आन् पुढच्या सीनमंधी उलटी चिकटलेली दिसते. व्हिलनले गोळी लागते पाठीत आन् तो पोट धरून पडते. पण घरातली सडकी भाजी कोणी चौकात नेऊन मांडत नाई. ते बंद कर.

उत्तर लिही. फोन नोको करू.

केसरबाई


पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी, जयभीम.

तुझं पत्र उभ्यानंच वाचलं, मग तू म्हणालीस म्हणून बसून पुन्हा वाचलं.

आधी एक सांगते. तू माझी आजी आहेस हे तिथे जुबेरशिवाय कोणालाच माहीत नाही, त्यामुळे तुझं नाव खराब झालेलं नाही. जुबेर आपल्या चंद्रपूरचा, इथे साऊंडचं काम करतो. तुमच्या पिच्चरची सीडी त्याला चंद्रपूरच्या बाजारात जुन्या सामानात मिळाली. त्यानं ती इंटरनेटवर टाकली, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही हॉल घेऊन दाखवतो. कोणी वर्ध्याहून येतं, कोणी सांगलीहून. सगळ्यांना सगळं पाठ आहे. मिशी पडायच्या आधीच लोक "मिशी, मिशी" म्हणून हाका मारतात. लग्नाच्या सीनला तांदूळ उधळतात.

तू म्हणशील, खराब आहे तर बघता कशाला. आजी, चांगला पिच्चर लोक एकदा बघतात आणि घरी जातात. खराब पिच्चर तर ढिगानं असतात, पण ते आळशी माणसांनी केलेले असतात, ते कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. तुमच्या पिच्चरमध्ये प्रत्येकजण जीव तोडून काम करतोय आणि तरी सगळं चुकतंय. असं कुठेच बघायला मिळत नाही. हसतो, पण ते वाईट हसणं नाही. तुला इथे बसून समजलं असतं.

आणि सर्वांचा लाडका हिरो नाहीच. जो कधीच दिसत नाही आणि प्रत्येकाचं वाक्य त्याच्या आधी बोलतो, त्याला आम्ही "मागचे मामा" म्हणतो. अर्धा हॉल मामांचं बोलतो, अर्धा हॉल नटांचं. कोण आहेत ते? जिवंत आहेत का? आणि तू मरताना स्वतःचंच नाव का घेतलंस? पिच्चरमध्ये तर तुझं नाव पार्वती आहे.

फेब्रुवारीत जुबेर चंद्रपूरला मोठा शो करतोय. तुला पहिल्या रांगेत बसवायचं आहे. येशील ना?

तुझी,
दिव्यानी


नागभीड
८ डिसेंबर २०२४

दिव्यानी,

तू माही नात आहे हे कोणाले माहीत नाई म्हणते. हे लिहून तू माहा राग कमी करून राह्यली का वाढवून राह्यली? माह्यावर हसाचं, आन् माहं नातं लपवाचं.

तांदूळ उधळता म्हणते. त्या पोट्ट्याईनं कधी चिखलात वाकून धानाची रोवणी केली का? एकाची बी कंबर दुखली का? दुखली असती तं मूठ उघडली नसती.

आन् जीव तोडून काम केलं म्हणते. मी नाई तोडला. मले कोणी विचारलंच नव्हतं. घरून परस्पर हो म्हटल्या गेलं आन् मले धान कापाचं सोडून तोंडाले पावडर लावून उभं केलं.

तो कोणाचा मामा नाई. त्याले प्राम्टर म्हणते. आमच्या झाडीपट्टीतलं नाटक रातभर चालते. एवढं कोणाले पाठ राहाते? पडद्यामागं पुस्तक घेऊन एकजण बसते, तो वाक्य सांगते, आमी ते उचलून लोकाईवर फेकतो. समोरच्याले त्याचा आवाज येते, पण तो आयकाचा नसते, हे बारक्या लेकरालेबी माहीत असते. देवाजीभाऊले कोणी सांगतलंच नाई का पिच्चरमंधी प्राम्टर नसते. सांगतलं असतं तरी काय केलं असतं? त्याच्याबिगर आमच्यातल्या एकाचं तोंड उघडत नव्हतं. लग्नाचे व्हिडिओ काढणारा आणला, त्याच्या क्यामेऱ्यालेच माईक. प्राम्टर बसला क्यामेऱ्याच्या पायाशी. म्हणून त्याचा आवाज ढोलासारखा आन् आमचा विहिरीतून आल्यासारखा.

माहं नाव मी नाई घेतलं. मागून जे आलं ते बोलली. त्यानं तवा गप राहाचं होतं. त्यानं मंधात तोंड घातलं नसतं, तं मी नीट मेली असती. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, जत्रेसारखी, रातभर नाटक होते, तिथी पयल्यांदा चादर बांधून हा पिच्चर दाखवला. लोक नाटक समजून आले होते, आधीच चिडले होते. त्या पाण्यावर सारे हसले, हसत हसत उठले आन् चहा प्याले गेले. अर्धा मांडव खाली. देवाजीभाऊनं मंग जलमात पिच्चरचं नाव घेतलं नाई. सारं त्या एका माणसापायी.

त्याचं नाव तुले कायले पायजे? मेला तो. बरेच वर्षं झाले.

मी चंद्रपूरले येत नाई. आन् तू तिथी हे लोकाईले दाखवशीन, तं माह्या घराची वाट विसरून जा. पुण्याच्या हसण्याचं दूर राह्यलं. चंद्रपूरचे लोक हसले का ते नागभीडच्या बाजारात आयकू येते.

केसरबाई


पुणे
३ जानेवारी २०२५

प्रिय आजी, जयभीम.

नवीन वर्षाची एक भेट आहे. आधी रागावू नको, पूर्ण वाच.

तुझं पत्र मी जुबेरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आजींचं बरोबर आहे, लोक हसतात ते त्या प्रॉम्प्टरमुळे. तो नसेल तर तुझं काम खरंच चांगलं आहे. मी मन लावून बघितलं, आणि खरंच तुझे डोळे, तुझं पडणं, कुठेच खोटं नाही. मग जुबेरनं दोन आठवडे बसून कॉम्प्युटरवर त्या माणसाचा आवाज पिच्चरमधून काढून टाकला. पुरता. आता फक्त तुम्ही बोलता. तो पाण्याचा तुकडाही कापला. आता त्याआधीच तू नुसतं "बाळा" म्हणतेस आणि मान टाकतेस. आजी, आता तू नीट मरतेस.

इंटरनेटवरचा जुना व्हिडिओही आम्ही काढून टाकला. सीडी तर आता चालतच नाही, तिचा थर निघालाय. म्हणजे तुझ्यावर हसायला काही उरलेलंच नाही. चंद्रपूरला हाच नवा दाखवू. त्या माणसानं तुझं जे केलं ते आम्ही पुसलं.

आता तरी येशील?

दिव्यानी


नागभीड
१२ जानेवारी २०२५

दिव्यानी,

आज जयभीम लिहीत नाई.

पिच्चर मोबाईलवरून गेला हे मले तुह्या पत्राच्या आधीच समजलं होतं. रिनानं पयल्यांदा दाखवला त्या दिवसापासून रोज दुपारी मी तिले बलावते. चहा देते आन् म्हणते, लाव. पुरा नाई, ते मरणाचंच. रिना म्हणे, आजी, एवढा राग येते तं पायता काऊन? मी म्हटलं, राग शिळा होऊ नाई म्हणून. मंग एक दिवस ती बोट फिरवत राह्यली, फिरवत राह्यली, आन् म्हणे, काढला वाटते हो त्याईनं. मी तिच्यावरच खेकसली.

तो मागचा मामा तुहा आजा होय. पत्रू. तुह्या मायचा बाप.

तू पाळण्यातून उतरली नव्हती तवा तो काविळीनं गेला. त्याच्याबद्दल मी बोलत नाई, काऊन का तो बी कोणाशी बोलत नव्हता. दिवसभरात त्याच्या तोंडून निंघे काय, तं भात वाढ, बैल सोडले का. पण पडद्यामागं पुस्तक घेऊन बसला का राजाचं बोले, राणीचं बोले, पोलिसाचं बोले, चोराचं बी बोले. घरी आला का झालं, पुन्हा भात वाढ.

पिच्चरच्या वक्ती तं आमच्यात तेवढं बी नव्हतं. देवाजीले त्यानंच मले न विचारता हो म्हटलं होतं. उभं धान शेतात आन् हे बायकोले नटवाले निंघाले. मी घरात त्याच्याशी तोंड बंद केलं. पण क्यामेऱ्यासमोर काय करशीन? तो म्हणे, "धनी, तुमच्या चरणाशी माझी जागा." मले तेच म्हणा लागे. माह्या मनात शिव्या आन् तोंडात धनी. तुम्ही म्हणता डोळे खोटे नाई. डोळ्यात राग होता तो, खराच होता.

मरणाच्या सीनच्या दिवशी मले ताप होता. सकाळपासून त्या लाईटखाली मातीत पडून. ओठाले ओठ चिकटले. देवाजीभाऊ म्हणे, ताप आहे तं मरण अजून चांगलं दिसन. पत्रू क्यामेऱ्याच्या पायाशी. पुस्तकात पुढचं वाक्य होतं, "बाळा, माझ्या रक्ताचा सूड घे." तो ते बोललाच नाई. माह्याकडं पायलं आन् हळूच म्हणे, केसर, पाणी पेते का.

मले तापात काय समजते? मागून आलं ते पुढं फेकाचं, एवढंच येत होतं मले. फेकलं. देवाजीभाऊ म्हणे, कॅसेट संपत आली, राहू द्या.

आता तू यात प्रेमाचं-बिमाचं शोधू नोको. पाणी देल्लंच नाई त्यानं. सीन झाला, तो उठून दुसऱ्या नटाचं वाक्य सांगाले गेला. विचारलं तेवढं. पण ते पुस्तकात नव्हतं.

मंडईत लोक हसले आन् त्या दिवसापासून त्यानं नाटकाचं पुस्तक हाती घेतलं नाई. घरी तं बोलतच नव्हता, आता तिथीबी बंद. त्याचा राग मले त्याच्यावर आहे, मंडईवर आहे, देवाजीवर आहे, आन् तुह्यावर बी आहे. हा राग माहा आहे. मी त्याले शिव्या दिल्या म्हणून तू त्याले पुसाचं, असं कोणी सांगतलं तुले? बाई आपल्या नवऱ्याले शिव्या देते, म्हणून शेजाऱ्यानं येऊन त्याले घराबाहेर काढाचं का?

त्याचा एक फोटो आहे माह्याजवळ, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात तो चोरासारखा दिसते. आवाज तेवढ्यातच होता. मले वाटलं होतं त्या सीड्या कवाच्याच मेल्या. वीस वर्षांनं रिनाच्या मोबाईलमंधून तो "केसर" म्हणाला तं माह्या हातची सुपडी खाली पडली.

परत आण. कसा आणाचा ते मले माहीत नाई. पुसता येते, तं आणताबी आला पायजे.

केसरबाई


पुणे
२१ जानेवारी २०२५

आजी, जयभीम.

मीही आज रागातच लिहितेय.

तू का नाही सांगितलंस? मी सरळ विचारलं होतं, कोण आहेत ते. तू लिहिलंस, मेला तो. आईला विचारलं तर म्हणाली, तुझ्या आजीलाच विचार. तिनं तो पिच्चर कधी पाहिलाच नाही, तू घरात त्याचं नाव काढू दिलं नाहीस. आपल्या घरात काय बोललं जातं, सांग ना? आबाजी बोलत नव्हते म्हणतेस. तू तरी कुठे बोलतेस? तू फक्त ओरडतेस, आणि त्या ओरडण्यातून बाकीच्यांनी ओळखायचं. मी ओळखायला गेले आणि हे झालं.

आता पुढचं ऐक. जुबेरच्या कॉम्प्युटरवर जुना पिच्चर नव्हता. जागा नाही म्हणून त्यानं उडवला होता. तो दिवसभर डोकं धरून बसला. संध्याकाळी मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, मामांच्या आवाजाचा जुना पिच्चर कोणाकडे आहे का. आजी, तिथे आधीच भांडण पेटलेलं होतं. आम्ही आवाज काढला हे कळल्यापासून लोक जुबेरला नको नको ते बोलत होते. मला वाटलं होतं तूच तेवढी चिडली आहेस. सांगलीच्या एका बँकेतल्या बाईंनी लिहिलं होतं, मामांना काढणारे तुम्ही कोण, त्यांच्याशिवाय तो पिच्चर म्हणजे नुसता खराब पिच्चर आहे. वर्ध्याच्या एका नर्सनं लिहिलं, मी नाईट ड्युटीला ते ऐकत काम करते, मला धीर येतो.

रात्रीपर्यंत सगळ्यांनी आपापल्याकडचा पाठवला. प्रत्येकानं जपून ठेवला होता. एकालाही मी कारण सांगितलं नाही.

पाकिटात मोबाईलमध्ये घालायचं छोटं कार्ड आहे. रिनाला सांग. त्यात सगळं आहे, पाण्यासकट.

चंद्रपूरच्या शोचं तू सांगशील तसं. नको म्हणालीस तर रद्द. पण नको म्हणायचं असेल तर या वेळी कारणासकट लिही.

दिव्यानी


नागभीड
३० जानेवारी २०२५

दिव्यानीले जयभीम.

कार्ड पोचलं. रिनानं लावलं. आहे तो त्यात.

मले ओरडते म्हणते. ओरडते मी. या घरात एकजण बोलत नव्हता, मंग दुसऱ्यानं दोघाईचं ओरडावं नाई तं काय?

चंद्रपूरचा शो करा. आवाजासकट करा. हसू द्या. मंडईतले हसले ते उठून गेले होते. हे हसते आन् बसून राहाते, एवढा फरक मले बी कळते. पण मामा म्हणाचं नाई. पत्रू म्हणा. पत्रूभाऊ म्हणा. तुमच्या बापाच्या वयाचा होता. आन् पिच्चर चालू व्हायच्या आधी पडद्यावर साऱ्यांचे नावं येते, त्यात त्याचं नाव देवाजीनं टाकलंच नव्हतं. ते टाका. हिरोच्या वर टाका. बोलणं सारं त्याचंच होतं.

तांदूळ आणणाऱ्याले दारातूनच परत पाठवाचं.

मी येत नाई. माहे गुडघे दुखते.

केसरबाई


नागभीड
१९ फेब्रुवारी २०२५

दिव्यानी, जयभीम.

मी आली होती.

रिना आन् मी बसनं आलो आन् सर्वात मागं बसलो, पंख्याखाली. तू समोर लाल ओढणी घेऊन उड्या मारत होती, मागं पायलं बी नाई. बरंच झालं. पयल्या रांगेत बसवून सत्कार-बित्कार केला असता तं मी तिथीच तुले चार शब्द सुनावले असते.

आता आयक. पयले तं तुह्या दारावरचा माणूस कामाचा नाई. लग्नाच्या सीनले तांदूळ उडाले. माह्या पदरातबी पडले. चांगला बारीक तांदूळ. मी वेचून घरी आणले, भात केला. पुढच्या शोले तुमच्या खिशातून उधळा.

पडद्यावर नाव पायलं. पत्रू. मोठं लिहिलं, बरं केलं. खाली दिव्यानीचे आबाजी असं काऊन लिहिलं? आता उगवलं तुले नातं. असू दे.

हसणं कमी नाई झालं चंद्रपूरले. मिशीवर हसले, गोळीवर हसले, देवाजीभाऊच्या गाण्यावर तं रिना बी हसली, पाय आपटून. मी बी एकदा हसली. खराबच आहे तो पिच्चर, त्यात दुसरं मत नाई. पण पत्रू बोलला का सारे त्याच्यासंगं बोलत होते, आन् एकबी शब्द चुकत नव्हता. माहं एवढं पाठ कधीच नव्हतं.

मंग ते मरण आलं. साऱ्याईनं बाटल्या काढल्या. पत्रू म्हणाला, आन् मंग पुरा हॉल बाटल्या वरतं करून म्हणाला, "केसर, पाणी पेते का."

माह्या बाजूले एक चष्म्याची पोट्टी होती, तिनंबी बाटली वर केली होती. बसनं आली होती मी, गळा सुकला होता. मी म्हटलं, पेते, दे.

ती हसली. तिले वाटलं म्हातारी बी खेळून राह्यली. म्हणे, आजी, हे भारी आहे, आन् बाटली देल्ली. पाणी गरम होतं, प्लास्टिकचा वास येत होता. पेली. पुरी पेली. मंग लाईट लागाच्या आधी रिनाले म्हटलं, चाल.

आता हे नीट वाच, यासाठीच पत्र लिहून राह्यली. ती चष्म्याची पोट्टी निंघता निंघता तिच्या मैत्रिणीले म्हणत होती, पुढच्या वेळी आपण सगळे असंच उत्तर देऊ, पेते, दे. तिले शोध आन् सांग का हे चालणार नाई. पत्रूचं वाक्य तुम्ही घेतलं, माहं मरण घेतलं, बनियनवर तोंड बी घेतलं.

उत्तर माहं आहे. ते पाठ कराचं नाई कोणी.

केसरबाई